सर्वांचे की ज्याचे त्याचे?
जावामध्ये ‘विद्यार्थी’ हा क्लास लिहिताना नाव व गुण प्रत्येक ऑब्जेक्टचे वेगळे असतात. हे झाले इन्स्टन्स सदस्य. स्टॅटिक सदस्याची मात्र सर्व ऑब्जेक्ट मिळून एकच प्रत असते. जिल्ह्याचे नाव स्टॅटिक ठेवले, तर २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुरगी झाले, तसा बदल एकाच जागी करून भागतो. पण बीदर जिल्ह्यातील एक मुलगा दाखल झाला व आपण जिल्हा बदलला, की सर्वच मुले बीदरची होतात! गुण स्टॅटिक केले, तर शेवटी भरलेले गुण सर्वांच्या नावावर दिसतात. मेहनत एकाची, निकाल भलत्याचाच. कंपायलर ही चूक दाखवत नाही. म्हणून आम्ही सांगतो, लिहिण्यापूर्वीच विचारावे: ही गोष्ट सर्वांची की ज्याची त्याची?