माळ घालण्याआधी दवाखाना

श्रावण मी कडक पाळायचो. गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून जी बंद, ती थेट गणपती विसर्जनापर्यंत. बायकोला, थोरल्या भावाला, वर्कशॉपमधल्या पोरांना मी हेच ऐकवायचो, बेवडा असतो तर महिनाभर राहिलो असतो का? आमच्याकडचे निम्मे पिणारे या एका महिन्याच्या भरवशावर उरलेले अकरा काढतात. विसर्जनाची तारीख डोळ्यांपुढे असते म्हणून श्रावण निघतो, एवढंच.

पुढे तोही निघेना. उठल्या उठल्या नाइंटी लागायला लागली. तिच्याशिवाय दाढीचं ब्लेड हातात ठरेना. घरच्यांनी उपाय काढला, आषाढीला पंढरपूरला नेऊन माळ घालायची. मीही मनापासून तयार होतो. चंद्रभागेत आंघोळ केली, महाराजांनी गळ्यात तुळशीची माळ घातली, पुन्हा शिवणार नाही म्हणून सांगितलं आणि त्याच दिवशी एकदम बंद केली.

तिसऱ्या दिवशी घरी भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरताना दिसायला लागली. मी हाताने झटकतोय आणि भिंत कोरी. अंगाला दरदरून घाम. हात असे थरथरत होते की आरतीच्या ताटातलं निरांजन खाली पडलं. रात्री वारलेले वडील दारात उभे दिसले, मग झटका आला, दातखीळ बसली. आळीत बोभाटा झाला की माळ घालताना काहीतरी चुकलं, विठोबा कोपला. एकाने देवऋषीही सुचवला. वहिनींनी कुणाचं न ऐकता रिक्षा आणली, म्हणून हे लिहायला मी आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली?"

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत मेंदू असा उसळतो. भास होतात, ताप चढतो, झटके येतात, वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस जातोही. त्यावर औषधं आहेत, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. ज्याला सकाळी उठल्याबरोबर लागते, त्याने दारू डॉक्टरांच्या नजरेखालीच सोडावी. माळ त्यानंतर. पांडुरंग आठवडाभर थांबतो, तो विटेवर उभाच आहे.

दवाखान्यातून सुटल्यावर एका जुन्या पेशंटने अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला नेलं. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ही चळवळ निघाली. त्यातल्या दलालाला, बिल विल्सनला, ईश्वराचा जो अनुभव आला, तो 1934 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात, उपचार चालू असताना. हे ऐकलं आणि माझ्या मनातलं देव की डॉक्टर हे भांडण मिटलं. मीटिंगला फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. देव न मानणारेही येतात. आमच्यातला एक तर सरळ म्हणतो, हा ग्रुप हाच माझा देव.

आधी माझी प्रार्थना म्हणजे निव्वळ नवस होता. पोराला नोकरी लागू दे, मग सोडतो. सोडण्याची तारीख देवावर ढकलायची आणि आपण मोकळे. आता सकाळी मागणं एकच, आजचा दिवस. संध्याकाळी साडेसहाला, बारच्या पाट्या लागायच्या वेळी, हरिपाठाला बसतो. यात हिशेब आहे. तलफ कितीही जोराची असली तरी सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरते आणि ज्ञानदेवांचे 27 अभंग चालीवर म्हणायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पहिल्या आठ-दहा अभंगांत लक्ष नसतं, तोंड नुसतं चालू असतं. चालतं.

माळेचा खरा उपयोग मला चारचौघांत झाला. हळदीच्या रात्री कुणी ग्लास पुढे करत नाही. 'माळकरी आहे' म्हणून लोक आपणहून वगळतात. नाहीतर "एक घे रे, काय होतंय" ला नाही म्हणता म्हणता जीव जातो. पण माळ खुंटीला अडकवून पिणारेही मी पाहिलेत. एकदा घसरले की माळ बाटली म्हणतात आणि त्याच दुःखात महिनाभर पितात. घसरलात तर त्याच संध्याकाळी मीटिंगला जा, महाराजांना सांगा, माळ पुन्हा घाला.

घरच्यांसाठी दोन शब्द. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. ती मोडते, आणि वर्षानुवर्षं सोसतं ते पोर. 'न कळत दारू सोडवा' असल्या जाहिरातींची पावडर चहातून देऊ नका. दारूवर प्रतिक्रिया देणारं डायसल्फिरामसारखं औषध नकळत पोटात गेलं आणि वर माणूस प्याला, तर जिवावर बेतू शकतं. नवऱ्यासाठी उपास धरणाऱ्या बाईने स्वतःसाठी अल-अनॉनच्या मीटिंगला जावं. ती घरच्यांसाठीच असते, नवरा अजून पीत असला तरी चालतं.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, 14446. फोनला पैसे पडत नाहीत. पिणाऱ्यानेच करावा असंही नाही, बायकोने केला तरी चालतो.