बुलडोझरच्या सांखळीची झीज व तिची दुरुस्ती

शेताचें सपाटीकरण, बांधबंदिस्ती, शेततळें किंवा नाल्यांतील गाळ काढणें, यांपैकीं कोणतेंहि मोठें काम निघालें कीं, आज बुलडोझर किंवा आपण सरसकट ज्यास पोकलेन म्हणतों तें यंत्र शिवारांत येतें. (पोकलेन हें मूळचें एका फ्रेंच कंपनीचें नांव; आपल्याकडे तें त्या जातीच्या सर्वच यंत्रांस चिकटलें आहे.) बहुतेक शेतकरी असें यंत्र तासाच्या भाड्यानें आणतात, परंतु चार-सहा जणांनीं मिळून एखादें जुनें यंत्र विकत घेतल्याचीं उदाहरणेंहि आढळतात. अशा खरेदींत इंजिनाचा आवाज, धूर, हायड्रॉलिकचें तेल हें सर्व बारकाईनें पाहिलें जातें; आणि ज्यावर तें सबंध यंत्र उभें असतें तो चिखलानें माखलेला खालचा भाग मात्र न पाहतांच सोडून दिला जातो. वस्तुतः बुलडोझरच्या आयुष्यांत दुरुस्तीवर जो पैसा जातो त्यापैकीं सुमारें निम्मा या खालच्या भागावर, म्हणजे सांखळी, रोलर व दातेरी चक्र यांवर जातो, असा या धंद्यांतील जाणत्यांचा हिशेब आहे. म्हणून या भागाची झीज कशी होते, ती कशी मोजावी, आणि कोणती दुरुस्ती पैसे वांचविते व कोणती केवळ वांचविल्याचा भास करिते, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सांखळीचें यंत्र शेतीसाठींच जन्मास आलें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत स्टॉकटन शहराजवळची जमीन इतकी भुसभुशीत कीं, वाफेच्या ट्रॅक्टरचीं भलीं रुंद चाकेंहि तींत रुतत. बेंजामिन होल्ट यानें १९०४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत तीं मागचीं चाकें काढून त्यांच्या जागीं लांकडी फळ्यांची फिरती सांखळी बसवून पाहिली आणि यंत्र तरलें. आपल्या देशास १९४९ सालीं जागतिक बँकेनें शेतकीच्या यंत्रांसाठीं १ कोटि डॉलरचें कर्ज दिलें, तेंहि मुख्यतः मध्य हिंदुस्थानांतील कांस गवतानें ग्रासलेल्या जमिनी सांखळीच्या ट्रॅक्टरांनीं खोल नांगरून काढण्याकरितां होतें. ज्यानें आपल्या काळ्या रानांतील कुंद्याशीं झुंज घेतली आहे, त्यास एवढ्या अवजड यंत्राची गरज कां पडावी हें निराळें सांगावयास नको.

आतां रचनेकडे वळूं. ही सांखळी रहाटाच्या माळेसारखी फिरती असते. भेद इतकाच कीं, येथें माळ जमिनीवर अंथरली जाते आणि यंत्र तिच्यावरून चालत जातें. कड्यांच्या दोन समांतर रांगा असतात. प्रत्येक कडीच्या एका टोकांत बुश व दुसऱ्या टोकांत पिन दाबानें घट्ट बसविलेली असते. बुश म्हणजे जाड पोलादी नळी. तिच्या पोकळींतून शेजारच्या कडीची पिन जाते, आणि पिन बुशांत फिरते म्हणूनच सांखळी वांकूं शकते. कड्यांच्या बाहेरच्या अंगास रुंद पट्ट्या बोल्टांनीं आवळलेल्या असतात, त्यांस शू म्हणतात. शूवरील उभी धार जमिनींत शिरून पकड घेते. कड्यांचा आंतला सपाट माथा हा रूळ होय. त्यावरून रोलर धांवतात. एका टोकाचें दातेरी चक्र, ज्यास स्प्रॉकेट म्हणतात, तें बुशांस दांत लावून सांखळी ओढतें. दुसऱ्या टोकाचें बिनदांती चाक तें आयडलर. आयडलरमागें एक दट्ट्या असतो. त्यांत ग्रीस भरलें कीं आयडलर पुढें सरकतो व सांखळी ताठ होते.

एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतच्या अंतरास कारखानदार पिच म्हणतात. आपण त्यास टप्पा म्हणूं. सर्व हिशेबाचें मूळ या टप्प्यांत आहे. स्प्रॉकेटचे दांत नव्या सांखळीच्या टप्प्याबरहुकूम कापलेले असतात. पिन बुशांत नेहमीं एकाच अंगास ओढली जात असल्यानें तिची एकच बाजू झिजते, आणि बुशाच्या पोकळींतहि एकाच बाजूस खांच पडते. सांखळी लांबली असें आपण म्हणतों, तेव्हां पोलाद ताणलें गेलेलें नसतें. सांध्यासांध्यांतील झीज एकत्र दिसूं लागलेली असते. टप्पा २०३ मिलिमीटरचा व सांधे ४० असें धरिलें, आणि प्रत्येक सांध्यांत ३ मिलिमीटर झीज झाली, तर सबंध सांखळी १२० मिलिमीटरनें, म्हणजे अर्ध्या टप्प्याहून अधिक, लांब होते. टप्पा वाढला कीं बुश दांताच्या बुडाशीं न बसतां दांताच्या उतारावर चढूं लागतो. मग दांत टोकदार होतात, बुशाची बाहेरची बाजू खरवडली जाते, आणि एकाचा रोग दुसऱ्यास जडतो.

या वेळीं गांवोगांव जो उपाय केला जातो तो असा: सांखळी सैल झाली म्हणून ग्रीस भरीत जावें, दट्ट्या पार पुढें गेला कीं सांखळींतील एक कडी काढून टाकावी आणि पुन्हां ग्रीस भरावें. यानें सैलपणा जातो, पण टप्पा जो बिघडला तो बिघडलेलाच राहतो. कडी काढलेली सांखळी दिसावयास ताठ दिसते, मात्र तिचा प्रत्येक बुश चुकीच्या जागीं दांतास भिडत असतो. आमच्या मतें कडी काढण्याच्या या एका चालीनें जितके स्प्रॉकेट अकालीं निकामी होत असतील तितके मुरमानें किंवा वाळूनें होत नसतील.

योग्य उपाय मोजमापानें सुरू होतो, आणि त्यास पोलादी टेपावांचून फारसें कांहीं लागत नाहीं. प्रथम सांखळी धुऊन घ्यावी. स्प्रॉकेटच्या दांतांत एखादी जुनी पिन आडवी धरवून यंत्र अगदीं हळू मागें घ्यावें, म्हणजे सांखळीची वरची बाजू ताणली जाते. मग इंजिन बंद करून एका पिनेच्या डाव्या कडेपासून पुढच्या चौथ्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत माप घ्यावें. यांत चार टप्पे येतात. सांखळी जेथें उघडतां येते तो जोडाचा सांधा या मापांत येऊं देऊं नये, कारण त्याची झीज वेगळी असते. वरील उदाहरणांत नवीन सांखळीचें माप ८१२ भरेल. तें ८२४ भरलें तर वाढ १२, म्हणजे टप्प्यास ३ मिलिमीटर. ही वाढ कोठपर्यंत चालेल हें त्या त्या यंत्राच्या पुस्तकांत दिलेलें असतें. त्याच वेळीं बुशाचा बाहेरचा व्यास, कडीच्या रुळाची उंची व शूच्या धारेची उंची मोजून तारीख व तास यांसह वहींत लिहावी. दोन-तीन मापें हातीं आलीं कीं, मर्यादा अदमासें केव्हां गांठली जाईल हें घरींच काढतां येतें.

मर्यादेजवळ आलेल्या सांखळीस जी दुरुस्ती करावयाची तिला पिन-बुश फिरविणें असें म्हणतात, आणि या सबंध विषयांत हिच्याइतकी फायद्याची गोष्ट दुसरी नाहीं. सांखळी उतरवून मोठ्या हायड्रॉलिक दाबयंत्रावर नेतात, सर्व पिना व बुश दाबून बाहेर काढतात आणि अर्धा फेरा फिरवून पुन्हां तेथेंच बसवितात. झिजलेली बाजू मागें जाते, कोरी बाजू कामास येते, आणि टप्पा जवळ जवळ मूळ मापावर येतो. नव्या पिना नकोत, नवे बुश नकोत; तेंच पोलाद दुसऱ्यांदा कामास येतें.

परंतु यास वेळेची अट आहे. बुशाचें पोलाद आरपार कठीण नसतें. लोहार फाळाच्या टोंकास पाणी देतो, त्याप्रमाणें कारखान्यांत बुशाच्या पृष्ठभागास कांहीं मिलिमीटर खोलीपर्यंत पाणी दिलेलें असतें. गाभा मऊ ठेवलेला असतो, म्हणजे आघातानें तो तडकत नाहीं. वरचा कठीण थर संपेपर्यंत झीज सावकाश होते. तो संपला कीं झपाट्यानें होते, नळीची भिंत पातळ पडते व तींत चीर जाते. असा बुश फिरवून उपयोग नाहीं, कारण त्याची कोरी बाजू भार घ्यावयास उरली तरी नळी अखंड उरत नाहीं. म्हणून मर्यादेनंतर “हा हंगाम काढूं व मग पाहूं” असें म्हणणारा मालक पिन-बुश फिरविण्याची एकच असलेली संधि घालवितो, आणि त्यास सबंध नवी सांखळी घ्यावी लागते.

अलीकडील पुष्कळ बुलडोझरांच्या सांध्यांत तेल भरून दोन्ही टोकांस सील बसविलेलें असतें. अशा सांखळींत आंतली झीज नाममात्र होते व टप्पा टिकतो. तेथें बुशाची बाहेरची झीज पाहून फिरविण्याची वेळ ठरवावी लागते. सील फुटून एखादा सांधा कोरडा पडला तर तो चालतांना किंचाळतो व तापतो. काम थांबतांच पिनांच्या टोकांजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहावी. बाकीच्या कोमट असतां एखादीच पोळत असेल, तर तोच सांधा कोरडा समजावा. पोकलेनचें बहुतेक काम एका जागीं उभें राहून होत असल्यानें तिची सांखळी कमी झिजते. सर्वांत अधिक हाल होतात ते बुलडोझरच्या सांखळीचे.

पिन-बुश फिरवितांना स्प्रॉकेटचाहि विचार करावा. पुष्कळ यंत्रांत त्याच्या दांतांची संख्या मुद्दाम विषम ठेवितात. बुश एक सोडून एक दांतांत बसत असल्यामुळें एका फेऱ्यांत जे दांत मोकळे राहतात ते पुढच्या फेऱ्यांत कामास येतात आणि झीज वांटली जाते. एकाच अंगानें झिजलेले स्प्रॉकेट डावें उजवीकडे व उजवें डावीकडे असे बदलले तर त्यांचें कोरें अंग वापरांत येतें. पण दांत टोकदार झाले असतील तर ते बदललेच पाहिजेत. नव्या टप्प्याची सांखळी जुन्या दांतांवर चढविणें म्हणजे नवें जुन्याच्या मापानें झिजवून घेणें होय.

आतां वेल्डिंग. झिजलेला फाळ लोहाराकडून शेवटून घेण्याची आपली वहिवाट असल्यानें, झिजलें तेथें लोखंड चढवावें हा विचार शेतकऱ्यास सहज सुचतो. तो सर्वत्र लागू नाहीं. शूची धार झिजून बोथट झाली असेल तर तिच्यावर नवी पोलादी पट्टी वेल्ड करणें हें उत्तम व स्वस्त काम आहे. रोलर व आयडलर यांचा झिजलेला पृष्ठभाग भरून काढणेंहि योग्य. मात्र तें काम, रोलर फिरत असतां भुकटीच्या थराखालीं आपोआप वेल्डिंग करणाऱ्या यंत्रावर व्हावें. रोलरच्या आंत तेल, सील व बुश असतात. तीं न काढतां बाहेरून रॉड ओढला तर उष्णतेनें सील जळतें आणि बाहेरून नवा दिसणारा रोलर पंधरवड्यांत तेल गाळूं लागतो. कडीच्या रुळावर हातानें थर चढविणें आम्हांस पसंत नाहीं. तो उंचसखल होतो, रोलरला प्रत्येक फेरींत ठेंच लागते, व कडीचें पाणीहि उतरतें. पिना व बुश यांस तर रॉड लावूंच नये.

वेल्डिंग जेथें करावयाचें तेथेंहि पोलादाची जात ओळखणें आवश्यक आहे. शू, कड्या व रोलर यांचें पोलाद मध्यम कार्बनचें असतें; तें थंड असतां वेल्ड केलें तर वेल्डच्या कडेला सूक्ष्म चिरा पडतात. म्हणून तें आधीं सुमारें १५० ते २५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावें आणि नंतर राखेंत किंवा कोरड्या वाळूंत सावकाश निवूं द्यावें. रॉड कमी हायड्रोजनचे व भट्टींत सुकविलेले असावेत. पावसाळ्यांत उघड्या पडलेल्या रॉडांतील ओल हेंच पुष्कळशा चिरांचें कारण असतें. याच्या अगदीं उलट प्रकृतीचें पोलाद म्हणजे मँगनीजचें. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यानें तें १८८२ सालीं शोधून काढलें. त्यांत मँगनीज शेंकडा ११ ते १४ असतें, आणि मार बसेल तसतसें तें अधिक कठीण होत जातें. खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे व खाणींतील कांहीं अवजड फावड्यांचे शू त्याचे करितात. हें पोलाद आधीं तापवूं नये. वेल्ड करतांना सुद्धां थोडें थोडें काम करून, मध्यें निवूं देऊन, ३०० अंशांच्या आंतच ठेवावें. नाहींतर तें कांचेसारखें ठिसूळ होतें. ओळखण्याची खूण सोपी आहे: साधें लोहचुंबक त्यास धरीत नाहीं.

चालविणारा शहाणा असेल तर झीज पुष्कळ लांबते. सांखळी जरुरीपेक्षां ताठ ठेवूं नये. कामाच्या जागेंतील चिखल बसल्यावर झोल मोजावा, कारण काळी माती दांतांत भरली कीं सांखळी आपोआप ताठ होते. मागें जातांना बुश व दांत यांचें घर्षण अधिक होतें, म्हणून वेगानें मागें पळविण्याची संवय मोडावी. नेहमीं एकाच अंगास वळूं नये. सायंकाळीं माती खरवडून काढावी.

सावधगिरीची एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. ताणाच्या दट्ट्यांतील ग्रीस प्रचंड दाबाखालीं असतें. सांखळी सैल करतांना त्याची पिचकारी एका फेऱ्याहून अधिक उघडूं नये, व तिच्या समोर तोंड किंवा हात धरूं नये. आयडलरमागील दाबलेली स्प्रिंग तर गांवांत उघडूंच नये. पाणी दिलेल्या पिनेवर घण घालतांना तिचे ढलपे उडतात. डोळ्यांवर चष्मा हवा.

जुनें यंत्र पाहावयास जाल तेव्हां टेप बरोबर न्यावा. विक्रीस ठेवलेल्या सांखळीस पुष्कळदां काळा रंग दिलेला असतो, आणि टोकदार दांतांवर वेल्डिंग करून ते घांसून गुळगुळीत केलेले असतात. रंगाखालची ही भर दांताच्या बुडाशीं असलेल्या उंचसखल रेषेवरून ओळखूं येते. कड्या मोजाव्या व त्या यंत्राच्या पुस्तकांतील संख्येशीं ताडून पाहाव्या. एक कमी भरली तर ती कोणी व कां काढली हें विचारावें. आयडलर किती पुढें सरकला आहे तें पाहावें, आणि दोन्ही बाजूंच्या चार चार टप्प्यांचें माप घ्यावें. विकणारा माप घेऊं देत नसेल, तर नव्या सांखळ्या, स्प्रॉकेट व रोलर यांची सारी किंमत मागितलेल्या किंमतींतून वजा करून मगच बोली करावी.