चेहऱ्यासाठी जुनी लेन्स: विकत घेण्याआधीचं थोडं प्रकाशशास्त्र

आईबाबा नेदरलँड्सला येतात ते बहुधा ९० दिवसांच्या व्हिसावर. त्या तीन महिन्यांत ट्यूलिपच्या बागांमध्ये आणि पवनचक्क्यांपुढे शेकडो फोटो निघतात. त्यांच्या चेहऱ्याचा, फ्रेम करून भिंतीवर लावावा असा एखादा फोटो मात्र राहूनच जातो. तुमच्याकडे मिररलेस कॅमेरा असेल तर त्यासाठी महागडी नवी लेन्स घ्यायलाच हवी असं नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, हाताने फोकस करायची लेन्स हे काम छान करते. ती कशी निवडायची, हे कळण्यापुरतं प्रकाशशास्त्र आज पाहू.

आधी अंतर, मग लेन्स

"पोर्ट्रेटला ८५ मिमीच हवी" असं तुम्ही ऐकलं असेल. पण चेहऱ्याची प्रमाणं लेन्सवर अवलंबून नसतात, कॅमेरा किती लांब आहे यावर असतात. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर साधारण १२ सेंमी धरू. कॅमेरा नाकापासून ५० सेंमीवर असेल तर कान ६२ सेंमीवर येतात, म्हणजे कानांच्या तुलनेत नाक २४ टक्के मोठं दिसतं. तोच कॅमेरा २ मीटरवर नेला तर हा फरक ६ टक्क्यांवर येतो. सेल्फीत नाक मोठं दिसतं त्याचं कारण हेच.

पैसे खर्च करण्याआधी फोनवर करून पाहा. एक फोटो हातभर अंतरावरून काढा. दुसरा दोन मीटरवरून काढून चेहरा तेवढाच दिसेल इतका कापा. लेन्स तीच, पण चेहरे वेगळे दिसतील.

म्हणजे उभं राहायचं दीड-दोन मीटरवर. आता तिथून डोकं आणि खांदे चौकटीत बसवणारं नाभीय अंतर निवडायचं. फुल फ्रेम सेन्सरवर ८५ मिमी लेन्स २ मीटरवर साधारण ५५ बाय ८० सेंमीचा भाग टिपते, म्हणजे अगदी हवा तेवढाच. एपीएस-सी सेन्सर लहान असल्यामुळे त्याच चौकटीसाठी ५५ ते ५८ मिमी पुरे होतात. ही गोष्ट खिशाच्या फायद्याची आहे, कारण जुन्या फिल्म कॅमेऱ्यांबरोबर ५० ते ५८ मिमीचीच लेन्स यायची. त्यामुळे त्या भरपूर आहेत आणि स्वस्तही.

मिलिमीटरची वजाबाकी

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी? प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. फिल्मच्या एसएलआरमध्ये मधे हलता आरसा असल्याने हे अंतर मोठं होतं. एम४२ या आट्यांच्या माउंटमध्ये ते ४५.४६ मिमी आहे. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनी ई माउंटमध्ये ते १८ मिमी आणि निकॉन झेडमध्ये १६ मिमी आहे. ४५.४६ मधून १८ वजा केले की उरतात २७.४६ मिमी. बाजारात मिळणारा ॲडॉप्टर म्हणजे तेवढ्या लांबीची धातूची पोकळ नळी. तिच्यात काच नसते, म्हणून चित्राचा दर्जा घटत नाही. याउलट निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिमी, म्हणजे एम४२ पेक्षा जास्त. तिथे साध्या ॲडॉप्टरने लांबच्या वस्तूंवर फोकस होत नाही.

दोष कुठला हवा?

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक जुळवताना आम्ही विपथनं, म्हणजे लेन्सचे प्रकाशीय दोष, होता होईल तो घालवतो. ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रिट्स झेर्निके यांनी १९३४ साली ज्या बहुपदी मांडल्या, त्यांच्या भाषेत आजही हे दोष मोजले जातात. नेत्रतज्ज्ञ डोळ्यातली विपथनं सांगतात तेही याच बहुपदींतून. पोर्ट्रेटमध्ये मात्र त्यातला एक दोष थोडासा हवासा वाटतो. तो म्हणजे गोलीय विपथन.

लेन्सच्या कडेने जाणारे किरण आणि मध्यातून जाणारे किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. त्यामुळे रेखीव प्रतिमेभोवती फिकट प्रभा पसरते. पापण्या स्पष्ट दिसतात, त्वचेवरची बारीक खडबड मात्र मऊ होते. या दोषामुळे येणारा धूसरपणा छिद्राच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. एफ/२ वरून एफ/२.८ वर गेलात की तो जवळजवळ एक तृतीयांश उरतो आणि एफ/४ वर एक अष्टमांश. म्हणजे छिद्राचं कडं फिरवून तुम्ही मऊपणा कमी-जास्त करू शकता. नव्या लेन्समध्ये हा दोष बहुतेक काढूनच टाकलेला असतो.

एफ/१.४ च्या मागे लागायचं का? फुल फ्रेमवर, २ मीटरवर, ८५ मिमी आणि एफ/२ असताना स्पष्ट दिसणारा थर जेमतेम साडेसहा सेंमीचा असतो. डोळा स्पष्ट आणि कान धूसर व्हायला तेवढं पुरतं. एफ/१.४ वर तो साडेचार सेंमीवर येतो आणि आजी नुसती हसली तरी फोकस सुटतो.

तीन उमेदवार

हेलिऑस ४४-२, ५८ मिमी एफ/२: झाइसच्या बायोटारवर बेतलेली सोव्हिएत लेन्स. मागची पानं गोलाकार भोवऱ्यात फिरल्यासारखी दिसतात. एपीएस-सी कॅमेरा असेल तर पहिली निवड हीच.

ज्युपिटर-९, ८५ मिमी एफ/२: झाइसच्या झोनारवर बेतलेली. पूर्ण उघडी असताना बरीच मऊ. फुल फ्रेमसाठी योग्य. ती अनेक माउंटमध्ये निघाली होती, म्हणून एम४२ चीच आहे ना ते पाहा.

कार्ल झाइस येनाची झोनार, १३५ मिमी एफ/३.५: रेखीव आणि स्वस्त. पण फुल फ्रेमवरही हिला तीन मीटर मागे जावं लागतं. बागेत चालेल, लहान बैठकीच्या खोलीत नाही.

जुन्या ताकुमारसारख्या काही लेन्समध्ये थोरियमयुक्त काच असते. ती किंचित किरणोत्सारी असते आणि वर्षानुवर्षांनी पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा बराच जातो. सामान्य वापरात धोका नगण्य, पण अशी लेन्स फोडू किंवा घासू नका.

बाजारात हातात घेतल्यावर

क्रिंगलोपची दुकानं, ॲमस्टरडॅममधला एनडीएसएमचा आय-हालेन बाजार आणि राजाच्या वाढदिवसाला रस्तोरस्ती मांडलेली जुनी चीजवस्तू, या इथल्या चांगल्या जागा. जाताना कॅमेरा, ॲडॉप्टर आणि फोनचा टॉर्च घेऊन जा.

लेन्स पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स खाली ठेवा. दुधाळ धुकं दिसलं तरी नको. धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत. पुढच्या काचेवरच्या एखाद्या ओरखड्याने फार बिघडत नाही, मागच्या काचेवरचा मात्र जास्त जाचतो. छिद्राची पाती तेलकट नसावीत. फोकसचं कडं एकसारखं फिरावं. जड चालेल, खुळखुळतं नको.

घरी आणल्यावर चामड्याच्या बंद पाकिटात घालून कपाटात ठेवू नका. दमट हवा बुरशीला मानवते. कोरड्या, हवेशीर जागी ठेवा.

फोटो काढताना

"लेन्स नसताना शटर चालू" हा पर्याय सुरू करा, नाहीतर काही कॅमेरे फोटोच काढत नाहीत. सेन्सर हलवून थरथर घालवणारा कॅमेरा असेल तर नाभीय अंतर हाताने भरा. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर, आणि तोही चित्र मोठं करून पाहत. जुन्या लेन्सवरचे लेप साधे असतात, समोरून उजेड आला की चित्र फिकट होतं. म्हणून आईला खिडकीकडे पाठ करून बसवू नका, खिडकी तिच्या बाजूला येऊ द्या. इथल्या घरांच्या मोठ्या खिडक्या आणि ढगाळ आकाश यांमुळे मऊ उजेड फुकटात मिळतो.

आणि लेन्स आईबाबा येण्याच्या महिनाभर आधी घ्या. हाताने फोकस करायचा सराव व्हायला तेवढे दिवस लागतात. तोवर घरातलं कोणी ना कोणी खिडकीशी बसायला तयार होईलच.