उत्तर लगेच देऊ नका

जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मी सळईची तपासणी करतो. हाताखालची पोरं पाळ्या सांभाळून ऑनलाइन शिकतात. कुणी पदवी करतंय, कुणी स्वयम पोर्टलवरचा एनपीटीईएलचा कोर्स. अडलं की माझ्याकडे येतात.

त्यातला एक धातुशास्त्राचा कोर्स करत होता. जेवणाच्या सुट्टीत दुप्पट वेगाने व्हिडिओ बघायचा, असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवरून उचलायची. गुण भरभरून मिळायचे. पण या कोर्सात असाइनमेंटला 25 गुण आणि परीक्षेला 75. प्रमाणपत्रासाठी परीक्षेत किमान 30 हवेतच, आणि ती केंद्रावर जाऊन द्यायची. पोरगा तिथेच आपटला. तो आळशी नव्हता. स्वतः डोकं चालवायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती.

पुढच्या वेळी त्याने विचारलं, "भाऊ, टीएमटी सळई वरून कडक अन् आतून लवचिक कशी राहते?" मी म्हटलं, "रात्रपाळीत पाण्यातून निघालेली सळई बघ. वरून विझल्यासारखी दिसते, अन् पुन्हा तांबूस होते. का होते, ते मला उद्या सांग." त्या रात्री त्याने कोर्समधला नेमका त्यावरचाच व्हिडिओ शोधला अन् थांबवत थांबवत बघितला. दुसऱ्या दिवशी वहीत आकृती काढून त्यानेच मला समजावलं: पाण्याने साल कडक होते, पण गाभा तापलेलाच असतो, त्याची उष्णता बाहेर येते आणि सालीचा ठिसूळपणा घालवते.

म्हणून अशा पोरांच्या पालकांना, शिक्षकांना, सुपरवायझरांना सांगणं आहे. "किती व्हिडिओ झाले?" असं विचारू नका, "कोणता प्रश्न सुटला?" असं विचारा. प्रश्न शक्यतो त्याच्या कामातला असू द्या. अडला तर कुठे शोधायचं ते दाखवा, उत्तर मात्र त्याला काढू द्या.

आणि पोरांनो, व्हिडिओ संपला की तोच परत लावू नका. मोबाइल उलटा ठेवून आठवेल तेवढं लिहा. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 मध्ये हेच तपासलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. तुमची परीक्षा तर काही महिन्यांनी असते. लिहिताना जिथे अडाल, तेवढाच भाग पुन्हा बघा. पाळी बदलली की अभ्यासाची वेळही बदलेल. त्या आठवड्यात कोणता प्रश्न सोडवायचा, ते मात्र सोमवारीच ठरवून टाका.