मंगळवारचा क्लास सोडलास म्हणे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. तू योगाचा क्लास सोडलास म्हणे. का, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, हात वर ताणले की नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळते! अगं, एम.एस्सी. झालीस ना तू? बाळ आत फिरतं, फिरता फिरता कधी नाळ गळ्याशी येते. तुझ्या हातांचा तिथे काय संबंध? मग वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा कोण काढतं? डॉक्टरांनी मनाई केली असती तर मी चकार शब्द काढला नसता.

पण नाळेसाठी मी लिहायला बसले नाही. फोन ठेवता ठेवता ताई म्हणाली, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हॉलमध्ये बसून असते." तेव्हापासून मला चैन नाही. सातव्या महिन्यात कूस बदलताना झोप मोडते, मान्य. पण बसून करतेस काय? रडतेस का?

नितीनच्या वेळी, 1989 साली, 'सुधाला दृष्ट लागली होती' एवढंच तू ऐकलंयस. बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या आणि मी मोरीत नळ सोडून बसले होते, आवाज कानावर येऊ नये म्हणून. पोर दुसऱ्याच कुणाचं वाटायचं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, धुरी, कशाला कमी नव्हतं. आणि ते बाळंतपणानंतर सुरू झालंच नव्हतं गं. आठव्या महिन्यापासून मी अशीच जागत होते. निदान ताईला, तुझ्या आईला, सांगायचं होतं. नाही सांगितलं.

म्हणून क्लासचा धोशा. योगाने सगळं टळतं असं मी म्हणत नाही. गरोदरपणातली उदासी त्याने कमी होते असं काही अभ्यासांत दिसलंय, पण बाळंतपणानंतरचीही टळेलच अशी खात्री नाही. पुण्याच्या गीताताई अय्यंगारांनी बायकांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात गरोदरपणाचाही विचार केलाय. भिंतीला टेकून बद्धकोनासन, डाव्या कुशीवर शवासन, एवढं केलंस तरी चालेल. पोटावर झोपायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. आणि खरं सांगू? तिथे चार पोटुश्या एकमेकींना 'झोप लागली का गं' विचारतात, मला त्याचंच मोल जास्त वाटतं.

पुढच्या तपासणीला झोपेचं आपणहून सांग. एडिंबरा प्रश्नावली म्हणून मनाच्या तब्येतीचा दहा प्रश्नांचा एक कागद असतो, गरोदरपणातही भरून घेतात. शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, असा आहे. तिथे खोटं लिहू नकोस. बाळंतपणानंतर चार-आठ दिवस बहुतेकींना रडू येतं, पण दोन आठवडे उलटूनही थांबलं नाही तर मीठ-मोहऱ्या ओवाळत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही लिहून ठेव, रात्री-अपरात्रीही लागतो.

रागावले ना मी? काकूंवरचा राग तुझ्यावर निघाला. गुरुवारच्या गाडीने येतेय. आजीच्या लुगड्याची गोधडी आणते, कुशीखाली घ्यायला मऊ आहे. हॉलमध्ये तुझ्याशेजारी बसेन. बोलावंसं वाटलं तर बोल, नाही तर नुसत्या बसू. मंगळवारी क्लासला मीही येते, माझ्या गुडघ्यांच्या कुरकुरीला हसायचं मात्र नाही.

तोवर रात्री जाग आली तर फोन कर. दोन वाजता मीही जागीच असते.

तुझी,
सुधामावशी