पेन्शनीतलं प्रॅक्टिकल

जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर 'आता आराम करा' असा सल्लाही मिळाला. पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या, घरात बायको, मुलगा, सून आणि अखंड प्रश्न विचारणारा नातू असलेल्या माणसाने आराम नेमका कधी करायचा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. त्यानंतर जे उमगत गेलं, ते असं.

१. कढीपत्त्याची एक कुंडी प्रयोगशाळेला पुरते.

वर्गात फुलपाखराचं रूपांतरण एका तासात उरकायचं. फळ्यावर अंडं, अळी, कोष, फुलपाखरू काढून मधे बाण मारले की झालं. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मनने अंडी घातली आणि तोच धडा महिनाभर पुरला. लहानपणी ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट, मधे पांढरे फराटे. कोण खाणार? शेवटच्या टप्प्यात कात टाकली की एकदम हिरवीगार. नातवाने काडीने डिवचल्यावर तिने डोक्यामागून दोन टोकांचा लाल अवयव बाहेर काढला आणि उग्र वास सुटला. "आबा, ही पादली!" परिभाषा सोडा, निरीक्षण बरोबर होतं. शत्रूला हाकलायचीच ती युक्ती. मग एके सकाळी काडीला टेकलेला कोष दिसला, कमरेभोवती रेशमाचा एकच धागा.

इकडे फोडणीला पानं उरेनात. तेव्हा दोन कुंड्या ठेवायचं ठरलं, एक स्वयंपाकघराची आणि एक अळ्यांची. फुलपाखरांना हा करार मान्य असल्याचं अजून तरी दिसलेलं नाही.

२. निवृत्तीनंतरचं काम म्हणजे विरंगुळा, असं कुणी म्हटलं तर कुक दाखवावा.

थिओडोर कुक मूळचे इंजिनिअर. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, ते प्राचार्य होते. नोकरी संपवून इंग्लंडला परतल्यावर त्यांनी क्यूच्या वनस्पती उद्यानात बसून मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने छापून आला. सह्याद्रीत फिरणारे अभ्यासक आजही कुक उघडतात. एवढं काम आपल्या हातून होणार नाही हे ठाऊक आहे, पण दुपारच्या झोपेवर त्याने जरा अंकुश राहतो.

३. कुळ मला ठाऊक, भाजी हिला.

हिचं माहेर कर्जतकडचं. पहिला पाऊस झाला की तिकडून शेवळं येतात. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती, पानांच्या आधी फुलोरा जमिनीतून वर काढते. तिच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घसा खवखवतो. हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. ही मात्र एक अक्षर न बोलता शेवळाचं बाहेरचं आवरण सोलते, आतला पिवळा भाग काढून टाकते, उरलेलं बारीक चिरते आणि काकडं ठेचून त्यांचा आंबट रस घालते. काकडं नसतील तर चिंच. आंबटाशिवाय शेवळं करायची नाहीत, हे तिला तिच्या आईने सांगितलं आणि आईला आजीने. मी एकदा स्फटिकांची आकृती काढून दाखवली. तिने ती नीट पाहिली आणि म्हणाली, "बरं. आता जरा काकडं ठेचून द्या." टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी यांचंही तसंच. रानभाज्यांची तिची माहिती मी हल्ली वहीत उतरवून घेतो. परीक्षा तीच घेते, जेवताना.

४. माळ रिकामा नसतो.

दर पावसाळ्यात कुणी ना कुणी वृक्षारोपणाला बोलावतं. जातो, पण आधी जागा विचारतो. गवताळ माळावर खड्डे खणायचे असतील तर नाही म्हणतो, मग भाव खातो असा समज झाला तरी चालेल. चंडोल, धाविक, टिटवी ही मंडळी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना सावली नको असते. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं ते १९७९ साली, आणि ते जंगलासाठी नव्हे, माळासाठी होतं. आमच्या टेकड्यांवर हिरवाई हवी म्हणून मेक्सिकोकडचं गिरिपुष्प लावलं गेलं. लांबून हिरवं दिसतं खरं, पण त्याच्याखाली गवत कुठे आहे ते जवळ जाऊन बघा. सूनबाई म्हणतात, "बाबा, निदान सेल्फीपुरतं तरी हसा." हसतो.

५. साप निघाला की आधी चप्पल घालावी, मग सर्पमित्राला फोन करावा आणि तो येईपर्यंत लांबून नजर ठेवावी. आपल्याकडे माणसांना प्रामुख्याने चावणारे विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये निघते ती बहुतेक वेळा धामण, उंदरांच्या मागावर आलेली. तरी काठी घेऊन धावणारे असतातच.

६. फोटो बघून अळंबीबद्दल 'खायला हरकत नाही' असं कुणालाही सांगू नये. माजी विद्यार्थ्यांना तर नाहीच.

७. चालवत नसेल तर बसावं.

हिचे गुडघे दुखायला लागल्यापासून टेकडीचा माथा बंद झाला. आता पायथ्याच्या उंबराशी बसतो. आधी मला हे सक्तीचं वाटलं, पण फिरताना न दिसलेलं तिथे दिसतं. फळं धरली की तांबट येतो, कोकिळा येते, पानांच्याच रंगाचे हरियल येतात; ते हलले नाहीत तर दिसतही नाहीत. संध्याकाळनंतर वटवाघळं. ही दाखवते, मी नावं सांगतो, कधी उलटंही होतं. उंबराच्या आत फुलं असतात आणि चिमुकली गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते, हे ऐकल्यावर नातवाने विचारलं, "मग उंबर खाताना आपण किडा खातो?" होय, खातो. त्याने लगेच दुसरं उचललं.

बसायला सतरंजी न्यावी. मात्र ती झाडाखाली नव्हे, दोन हात बाजूला पसरावी. वर हरियलांची पंगत बसली असेल तर धुतलेल्या सदऱ्याचं काही खरं नसतं.