नोटरी केली म्हणजे नक्की काय केले?

ॲडमिशनच्या दिवसांत हॉस्टेलवर सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे "नोटरी करून आण." पण नोटरी कसली, हे कोणी सांगत नाही. मी पडले कॉन्व्हेंटची, "सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की" वाचूनच घाम फुटायचा. शेवटी सुट्टीत वडूजला ओळखीच्या वकीलकाकांकडे बसून सगळे समजून घेतले.

1952 च्या कायद्याखाली सरकार नोटरी नेमते. शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा, गोल. त्यावर नाव, कार्यक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक असतो. शिक्का एकच, पण वरचा मजकूर बदलला की अर्थ बदलतो.

सत्यप्रत करायची तर ओरिजिनल सोबत हवेच, नुसत्या झेरॉक्सवर शिक्का मागू नका. गॅपचे ॲफिडेव्हिट वेगळे. तिथे तुम्ही स्वतः नोटरीसमोर शपथ घेऊन सही करता, रूममेटला पाठवून चालत नाही. आणि बरं का, मजकूर खरा आहे असे नोटरी म्हणतच नाही! या व्यक्तीने माझ्यासमोर शपथेवर सांगितले, एवढेच तो म्हणतो. खोटे निघाले तर अडकणार तुम्ही. मुखत्यारपत्रावर शपथही नसते, फक्त सही कोणी केली याची खात्री.

जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी लोक स्टॅम्पपेपरच्या रांगेत उभे असतातच. एम.एस.ला परदेशी जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की नुसती नोटरी तिथे पुरेलच असे नाही. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागू शकते, जे भारतात जुलै 2005 पासून मिळते.

आता खरा घोळ. आमच्या नात्यातल्या एका काकांनी प्लॉट घेतला तो "नोटरीवर". स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार, लाल शिक्का, सगळे झोकात. पण नोटरीने पाहिल्या त्या सह्या, मालकी नव्हे. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. विकणारा वारला, त्याची मुले म्हणतात आम्हाला काही माहीत नाही. काकांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलाय, आणि सातबाऱ्यावर नाव अजून जुन्याच मालकाचे आहे.